वसाहतींचा अहवाल आणि गोमंतक

कायद्याच्या भाषेला वाङ्मय म्हणण्याची चाल आपल्याकडे नाहीं, आणि सरकारी अहवालाला तर नाहींच नाहीं. तथापि एखादें सरकार आपल्या ताब्यांतील मुलुखाविषयीं जगाला काय सांगतें आणि काय सांगावयाचें टाळतें, हा टीकेचा विषय होऊं शकतो असें आम्हांस वाटतें. कारण तेथें सारा खटाटोप शब्दांच्या निवडीवर चाललेला असतो. एका शब्दाच्या जागीं दुसरा शब्द बसवून पांचसहा लाख माणसांच्या स्थितीचा हिशेब देण्याचें कसें टाळतां येतें, याचा गोमंतकाइतका बोलका दाखला आम्हांस दुसरा आढळला नाहीं. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सनदेंतील त्र्याहत्तरावें कलम, पोर्तुगालची १९५१ सालची घटनादुरुस्ती, डॉ. सालाझार यांचा १९५६ सालचा लेख आणि आमसभेचे १९६० सालचे ठराव असे कागद आम्ही येथें एकत्र वाचावयास घेतले आहेत.

प्रथम मूळ कलम पाहूं. २६ जून १९४५ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें सनदेवर सह्या झाल्या. तिच्या अकराव्या प्रकरणांत असें म्हटलें आहे कीं, ज्या मुलुखांतील लोकांना अद्याप पूर्ण स्वराज्य लाभलेलें नाहीं अशा मुलुखांचा कारभार ज्या राष्ट्रांकडे असेल, त्यांनीं तेथील रहिवाशांचें हित सर्वांत वरचें मानावें आणि हा कारभार पवित्र ठेव समजून सांभाळावा. भाषा उदात्त आहे. परंतु अखेरच्या पोटकलमाशीं आपण येतों तेव्हां त्या उदात्ततेचें मोल कळतें. तेथें ह्या राष्ट्रांवर एवढेंच बंधन घातलें आहे कीं, त्यांनीं आपल्या मुलुखांतील आर्थिक, सामाजिक आणि शैक्षणिक स्थितीचे आंकडे व तांत्रिक स्वरूपाची इतर माहिती संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसाकडे नियमानें धाडावी; तीहि केवळ माहितीसाठीं, आणि राज्याची सुरक्षितता व घटना यांच्या मर्यादेंत राहून. राजकीय स्थितीचा तेथें उल्लेखच नाहीं. शाळा किती आहेत हें कळवावें लागतें. त्या शाळेंतून शिकून बाहेर पडलेल्या माणसाला मताचा अधिकार आहे कीं नाहीं, हें कळविण्याची सक्ति नाहीं. इस्पितळांतील खाटा मोजावयाच्या. तुरुंगांतील माणसें मोजलीं नाहींत तरी चालेल.

आणि ‘ठेव’ हा शब्द तरी येथें कितपत खरा? ठेव म्हटली कीं ती ठेवणारा आला. ह्या मुलुखांतील लोकांनीं आपलें राज्य कोणापाशीं आपण होऊन ठेविलें होतें असें इतिहास सांगत नाहीं. शिवाय हिशेब द्यावयाचा तो ठेवीच्या धन्याला नव्हे, तिऱ्हाइताला! आमच्या अणदूर गांवचा खंडोबा वर्षांतून कांहीं काळ नळदुर्गाजवळच्या मैलारपुरांत मुक्कामाला असतो. देव एक आणि ठाणीं दोन. म्हणून देव नेतांना आणि परत आणतांना दोन्हीकडचे मानकरी लेखी करार करितात. ज्याच्या ताब्यांत देव असेल त्यानें दुसऱ्या पक्षाला लिहून द्यावयाचें, हें तेथें कोणाला समजावून सांगावें लागत नाहीं. सनदेच्या कलमांत हा दुसरा पक्षच गाळलेला आहे. सनद लिहिणाऱ्यांना हें कळत नव्हतें असें नव्हे. पण साम्राज्यें बाळगणारीं राष्ट्रें स्वतःच त्या टेबलाभोंवतीं बसलेलीं होतीं, आणि याहून अधिक कांहीं त्यांच्या गळीं उतरलें नसतें. कलम दुबळें आहे, हें मान्य करून आपण पुढें जाऊं. मौज अशी कीं, ह्या दुबळ्या कलमाच्याहि कक्षेंत येऊं नये म्हणून एका सरकारनें आपल्या राज्यघटनेंतील शब्द फिरविले.

डिसेंबर १९४६ मध्यें आमसभेनें आठ राष्ट्रांच्या चौऱ्याहत्तर मुलुखांची यादी आपल्या ठरावांत नमूद केली. त्या यादींत फ्रान्सच्या नांवाखालीं भारतांतील फ्रेंच वसाहती होत्या. म्हणजे पुदुच्चेरी किंवा माहे येथील स्थितीविषयीं माहिती देण्याचें बंधन फ्रान्सनें निदान तत्त्वतः मानिलें होतें. गोवा, दमण आणि दीव मात्र यादींत नव्हते. कारण साधें होतें. पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सभासदच नव्हता. त्याचा १९४६ सालचा अर्ज रशियाच्या विरोधामुळें अडला, आणि सभासदत्व मिळावयास १४ डिसेंबर १९५५ उजाडला. मधल्या काळांत लिस्बनचे कायदेपंडित स्वस्थ बसले नव्हते.

पोर्तुगालचा १९३० सालचा वसाहतविषयक कायदा हा एका अर्थानें प्रामाणिक कागद होता. सागरापलीकडचे मुलूख बाळगणें आणि तेथें वसाहती करणें हें पोर्तुगीज राष्ट्राचें अंगभूत कार्य आहे, असें त्यांत छातीठोकपणें लिहिलें होतें. वसाहत हा शब्द तेव्हां त्यांना भूषणावह वाटत होता. मंत्र्याचें खातें वसाहतींचें, त्या खात्याची पत्रिका वसाहतींची. जून १९५१ मध्यें तो कायदा दुरुस्त होऊन घटनेंत विलीन झाला, आणि ‘वसाहत’ जाऊन तिच्या जागीं ‘सागरपार प्रांत’ आला. खात्याचें नांव बदललें, पत्रिकेचें नांव बदललें. पणजीचा गव्हर्नर जनरल लिस्बनहून नेमून येत असे, तो मात्र पूर्वींसारखाच येत राहिला. ‘प्रांत’ हा शब्द आम्हीं आज शोधून काढलेला नाहीं, आमच्या एकोणिसाव्या शतकांतील घटनांतहि तो होता, असें पोर्तुगालचे वकील सांगत. आणि तें खरेंहि आहे. पण जो शब्द जुना व प्रिय होता, तो १९३० सालीं टाकून कां दिला आणि जगभर वसाहतींचा हिशेब मागण्यास आरंभ झाल्यावरच तो पुन्हां कां आठवला, या प्रश्नाला त्या युक्तिवादांत उत्तर सांपडत नाहीं. फ्रान्सकडे नॉर्मंडीचा अहवाल कोणी मागत नाहीं. गोवा हा पोर्तुगालचा प्रांत ठरला म्हणजे त्याचाहि अहवाल कोणी मागणार नव्हतें.

आंतरराष्ट्रीय संस्थांविषयीं पोर्तुगालला सरसकट तिटकारा होता असें मात्र कोणीं समजूं नये. सभासद झाल्यापासून अवघ्या आठ दिवसांत, २२ डिसेंबर १९५५ रोजीं, त्यानें हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयांत भारताविरुद्ध फिर्याद गुदरली. दादरा व नगरहवेली हे मुलूख १९५४ च्या जुलै-ऑगस्टांत मुक्त झाले होते; तेथें जाण्यासाठीं भारतीय प्रदेशांतून वाट मिळावी, अशी मागणी होती. हक्क मागावयास दार उघडें, कर्तव्य आलें कीं दार बंद, हा प्रकार लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

ह्या खटल्यांत मराठी वाचकाला विशेष रस वाटावा असा एक भाग आहे. पोर्तुगालचा दावा १७७९ सालीं पेशव्यांशीं झालेल्या तहावर आणि त्यानंतर १७८३ व १७८५ सालीं दिलेल्या सनदांवर उभा होता. बारा हजार रुपये वसुलाचीं गांवें पोर्तुगीजांना द्यावयाचीं असें त्यांत ठरलें होतें. हीं गांवें दिलीं म्हणजे त्यांचें सार्वभौमत्व दिलें काय? भारतातर्फें सांगण्यांत आलें कीं, हा सरंजाम होता. सरंजाम म्हणजे महसुलाचा उपभोग, राज्य नव्हे. पुण्याच्या दफ्तरांत वाढलेल्या ह्या शब्दाचा अर्थ हेगच्या न्यायाधीशांपुढें निघाला, आणि १२ एप्रिल १९६० च्या निकालांत न्यायालयानें तो आपल्या इतिहासकारांना मान्य होईल असाच लावला. सार्वभौमत्व द्यावयाचें असे तेव्हां मराठे तशी स्पष्ट भाषा वापरीत. येथें ती नाहीं. सबब पेशव्यांनीं दिला तो केवळ वसूल. पुढें इंग्रजी अमदानींत पोर्तुगीजांचा तेथील अंमल न बोलतां मान्य होत गेला, म्हणून खाजगी माणसें, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता, फौज व हत्यारें यांना नव्हता, आणि भारतानें कोणतेंहि बंधन मोडलेलें नाहीं, असा तो निकाल झाला. दोन्ही पक्षांनीं आपलाच विजय झाला असें म्हटलें, हें ओघानेंच आलें. आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें निराळेंच. एका मराठी शब्दाच्या खऱ्या अर्थासाठीं पंधरा न्यायाधीश व्याकरण आणि वहिवाट तपासतात. मग ‘प्रांत’ ह्या शब्दाचा अर्थ धारण करणाऱ्याच्या मर्जीवर कां सोडावा?

१९५६ सालीं सरचिटणीसानें नव्या सभासदांना पत्र लिहून विचारलें कीं, त्र्याहत्तराव्या कलमांत बसणारे मुलूख आपल्याकडे आहेत काय? पोर्तुगालनें उत्तर दिलें कीं, आमच्याकडे तसे मुलूख नाहींत. त्याच वर्षाच्या एप्रिलांत ‘फॉरिन अफेअर्स’ ह्या अमेरिकन त्रैमासिकांत डॉ. सालाझार यांचा गोव्यावरील लेख आला. त्या लेखाची योग्यता आम्ही कमी लेखीत नाहीं. हा हुकूमशहा प्राध्यापकी पेशांतून आलेला होता, आणि आपला पक्ष कसा मांडावा हें त्याला उत्तम कळत होतें. भूगोलानें गोवा भारतांत असेल, पण संस्कृतीनें तो निराळा आहे. गोमंतकीय माणूस हा पोर्तुगालचा समान नागरिक आहे. हा त्याच्या प्रतिपादनाचा गाभा. यांतील दुसरा मुद्दा अगदींच पोकळ नाहीं. आफ्रिकेंतील मुलुखांत बहुसंख्य रहिवाशांना ‘देशी’ ठरवून नागरिकत्वाबाहेर ठेवणारा जो कायदा होता, तो गोव्याला लागू नव्हता. लिस्बनच्या राष्ट्रसभेंत गोव्याचे प्रतिनिधि बसत. पण त्या सभेसाठीं खुद्द लिस्बनमध्येंहि मोकळी निवडणूक होत नव्हती. समान हक्कांचें हें दान म्हणजे समान हक्कहीनता होती. आणि एकाच राष्ट्राच्या एका प्रांतांतला माणूस नागरिक, दुसऱ्या प्रांतांतला नव्हे, हें एक राष्ट्र तरी कसलें?

पहिला मुद्दा तर आंकड्यांपुढें टिकणारा नव्हता. अहवाल नको होता तो कदाचित् याचमुळें. गोव्यांत अर्ध्याहून अधिक वस्ती हिंदूंची होती. साडेचारशें वर्षांचा सहवास म्हणतात तो तिसवाडी, बारदेश आणि साष्टी यांचा. फोंडें, पेडणें, डिचोली, सत्तरी, काणकोण हे ‘नव्या काबिजादी’चे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत पोर्तुगीजांच्या हातीं गेले, तेथें मुलें खाजगी शाळांतून मराठी शिकत. सनदेच्या नमुन्याप्रमाणें शिक्षणाचें एक पान भरलें असतें, तरी कोणत्या भाषेच्या शाळा सरकारच्या आणि कोणत्या लोकांच्या पदरच्या, हें जगाला दिसलें असतें. त्या काळीं छापील मजकुरावर इतकी कडक नजर असे कीं, लग्नपत्रिकाहि परवानगीवांचून छापतां येत नसे, असें त्या पिढीच्या लोकांनीं लिहून ठेविलें आहे. सालाझार यांच्या लेखाला खरें उत्तर आधींच लिहिलें गेलें होतें. टी. बी. कुन्हा यांचें गोमंतकीयांच्या विराष्ट्रीकरणावरील छोटें पुस्तक १९४४ सालचें. कुन्हा ख्रिस्ती कुळांतले, पॅरिसमध्यें शिकलेले. म्हणजे सालाझार ज्याला युरोपचा गोमंतकीय म्हणतात, नेमका तोच माणूस. ह्या संस्कृतीनें आपल्या समाजाला स्वतःची भाषा व स्वतःचें मूळ यांची लाज बाळगावयास शिकविलें, हें त्यांनीं कडवट पण स्पष्ट शब्दांत सांगितलें. १९४६ सालीं लष्करी न्यायालयानें त्यांना शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यांत धाडलें. समान नागरिकाच्या मताची किंमत किती होती तें यावरून समजावें.

अखेर १९५९ सालीं आमसभेनें भारत, मेक्सिको, मोरोक्को, नेदरलँड्स, ब्रिटन व अमेरिका अशा सहा राष्ट्रांची समिति नेमली, आणि तिनें सुचविलेलीं बारा तत्त्वें १५ डिसेंबर १९६० रोजीं मान्य झालीं. जो मुलूख राज्यकर्त्या देशापासून भूगोलानें विलग आणि वंशानें किंवा संस्कृतीनें भिन्न असेल, त्याविषयीं माहिती देणें सकृद्दर्शनीं बंधनकारक आहे, हें त्यांतील मुख्य तत्त्व. त्याच दिवशीं दुसऱ्या ठरावानें पोर्तुगालच्या नऊ मुलुखांचीं नांवें घेण्यांत आलीं. अंगोला, मोझांबिक, मकाव, तिमोर यांच्या जोडीला तेथें ‘गोवा व त्याचे अंकित मुलूख, ज्यांस भारत-राज्य म्हणतात’ असा उल्लेख आहे. ‘ज्यांस म्हणतात’! नांव तुम्हीं दिलें, आम्ही तें केवळ उद्धृत करितों, वस्तु काय आहे तें आम्हांस दिसतें, एवढा सगळा आशय त्या दोन शब्दांत आला आहे. स्पेनहि अशींच ‘प्रांत’ म्हणून नांवें लावीत होता. त्यानें वेळीच माहिती देण्याचें कबूल केलें. पोर्तुगालनें केलें नाहीं.

ठराव आम्हांस मान्य आहे. कसोटी मात्र पुरती पटलेली नाहीं. राज्यकर्ता आणि रयत यांच्यामध्यें समुद्र असला तर हिशेब द्यावयाचा, नसला तर नाहीं, असा तिचा व्यवहारांतला अर्थ होतो. बेल्जियमनें हाच आक्षेप आधीं घेतला होता. तुमच्या स्वतःच्या सीमेच्या आंत जे मागासलेले व वेगळे समाज आहेत, त्यांचाहि अहवाल द्या, असें त्याचें म्हणणें. कांगो बाळगणाऱ्या देशाच्या तोंडीं तो युक्तिवाद शोभत नव्हता, आणि त्याचा हेतु आपल्यावरचें बोट दुसऱ्याकडे वळविण्याचा होता, हें उघड आहे. पण हेतु वाईट असला म्हणून मुद्दा खोटा ठरत नाहीं.

आम्हां अणदूरकरांना तो कळावयास दूर जावें लागत नाहीं. १९४८ सालपर्यंत हा मुलूख निजामाचा. रयतेची भाषा येथें मराठी, पलीकडे कानडी, तेलुगू. दरबाराची आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाची उर्दू. राज्यकर्ता परका वाटावा अशी सारी लक्षणें होतीं, फक्त मध्यें समुद्र नव्हता. २१ ऑगस्ट १९४८ रोजीं हैदराबाद सरकारनें भारताविरुद्ध सुरक्षा मंडळाकडे तक्रार धाडली. १३ सप्टेंबरला भारतीय फौज सोलापुराकडून येऊन नळदुर्गावर चालून गेली. अणदूर त्याच रस्त्यावर पुढें आहे. १६ तारखेस पॅरिस येथें मंडळापुढें तक्रारीची चर्चा झाली, आणि दुसऱ्याच दिवशीं निजाम शरण आला. त्या साऱ्या पत्रव्यवहारांत राज्याचे हक्क आहेत, करार आहेत, आर्थिक कोंडीच्या तक्रारी आहेत. रझाकारांच्या भीतीनें गांव सोडून सोलापूर-बार्शीकडे गेलेल्या कुटुंबांचा आवाज त्या तक्रारींत असणें शक्यच नव्हतें.

आणि पुढचीहि गोष्ट सांगितली पाहिजे. ती न सांगितली तर पोर्तुगालला नांवें ठेवण्याचा आमचा अधिकार लंगडा पडेल. पोलीस कारवाईनंतर ह्या संस्थानांत मुसलमान वस्तीवर जे अत्याचार झाले, त्यांची पाहणी करण्यासाठीं पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना भारत सरकारनें १९४८ च्या अखेरीस धाडलें. त्यांच्या अहवालांत मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला आहे, आणि सर्वांत अधिक हानि झालेल्या चार जिल्ह्यांत पहिलें नांव आमच्या उस्मानाबादचें, आजच्या धाराशिवचें, आहे. बिदर, गुलबर्गा व नांदेड हे उरलेले तीन. हा अहवाल सरकारनें मागविला, सरकारला मिळाला, आणि अनेक दशकें दफ्तरांत पडून राहिला. रझाकारांनीं केलेल्या अत्याचारांची नोंद त्याच अहवालांत आहे. एका बाजूचें दुःख सांगून दुसरें झांकावयाचें नाहीं एवढी सचोटी त्याच्या लेखकांनीं पाळली. ती पुढें सरकारनें पाळली नाहीं. येथें सरकार परकें नव्हतें आणि सनदेचें कलमहि लागू नव्हतें. तरी ज्यांचीं माणसें गेलीं त्यांना आपल्याच हानीचा कागद वाचावयास मिळाला नाहीं.

गोव्याच्या बाबतींतहि भारताची भूमिका सर्वस्वीं निर्वेध होती असें नाहीं. गोवा हा भारताचाच तुटलेला अवयव आहे, म्हणून त्याच्या स्वतंत्र स्वयंनिर्णयाचा प्रश्न उद्भवत नाहीं, हें दिल्लीचें म्हणणें. पण ज्या १९६० च्या ठरावाचा भारतानें आधार घेतला, त्यांत गोवा हा अंगोलासारखाच स्वराज्यहीन मुलूख म्हणून मोजला आहे, आणि स्वातंत्र्याची आकांक्षा ही अशा लोकांची न्याय्य आकांक्षा म्हणून गौरविली आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजीं सुरक्षा मंडळांत भारताचे प्रतिनिधि सी. एस. झा यांनीं हा प्रश्न वसाहतवादाचे अवशेष दूर करण्याचा आहे, आक्रमणाचा नव्हे, असें ठासून सांगितलें. फौजा मागें घ्याव्यात असा ठराव सात मतांनीं पुढें आला आणि रशियाच्या नकाराधिकारानें पडला. दुसऱ्या दिवशीं गोवा मुक्त झाला. आमच्या मतें कृति योग्य होती. गोमंतकीयांना प्रत्यक्ष विचारण्याचा प्रसंग मात्र १६ जानेवारी १९६७ रोजीं आला, आणि तोहि महाराष्ट्रांत विलीन व्हावें कीं केंद्रशासित राहावें, एवढ्याच प्रश्नापुरता. विलीनीकरणाच्या बाजूनें १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मतें पडलीं. मराठी घरांत त्या आंकड्यांची हळहळ पुष्कळ दिवस होती. पण लिस्बनच्या साऱ्या कागदांत गोमंतकीयांविषयींचा असा एकहि आंकडा नव्हता, जो त्यांनीं स्वतः लिहिला होता.

लिस्बननें मुक्तीनंतरहि गोवा आपलाच मानला. गोवामुक्तीच्या लढ्यांतले मोहन रानडे हे सांगलीचे. गोव्यांत मराठी शिकवीत असतां त्या लढ्यांत पडले आणि १९५५ सालीं पकडले गेले. गोवा मुक्त होऊनहि ते पोर्तुगालच्या तुरुंगांतच राहिले, आणि १९६९ च्या जानेवारींत सुटले. पुढें १९७४ च्या एप्रिलांत तेथें क्रांति झाली, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला नव्या सरकारनें भारताशीं तह करून गोव्यावरील भारताचें स्वामित्व मान्य केलें. त्याच सरकारनें त्र्याहत्तराव्या कलमाचें बंधनहि पत्करलें. परंतु १९७५ सालीं इंडोनेशियानें पूर्व तिमोर गिळला, आणि मग पोर्तुगाल दरवर्षीं सरचिटणीसाला कळवूं लागला कीं, ह्या मुलुखाचा जबाबदार कारभारी मीच आहें, पण तेथील माहिती देणें मला अशक्य करून ठेविलें आहे. १९९१ सालीं त्यानें तिमोरसाठीं हेगच्या न्यायालयांत ऑस्ट्रेलियावर फिर्याद केली. इंडोनेशिया पक्षकार नसल्यामुळें निकाल देतां येत नाहीं असें न्यायालयानें ३० जून १९९५ रोजीं ठरविलें. पण तिमोर हा अद्याप स्वराज्यहीन मुलूख असून तेथील लोकांना स्वयंनिर्णयाचा हक्क आहे, हें नमूद करून ठेविलें. २० मे २००२ रोजीं तिमोर स्वतंत्र झाला, आणि १९६० च्या ठरावांतील नऊ नांवांपैकीं शेवटचें नांव यादींतून गेलें.